न सापडलेल्या हरणाचा हिशेब

बाण लागलेले हरीण सहसा जागेवर कोसळत नाही. बंदुकीची गोळी शरीराला जबर हादरा देते. बाणाच्या टोकाची धारदार पाती रक्तवाहिन्या कापतात आणि रक्त वाहून जनावर मरते. दोन्ही फुप्फुसे छेदली गेली तरी पांढऱ्या शेपटीचे हरीण काही सेकंद भरधाव पळते आणि बहुधा शंभर-दीडशे मीटरांत पडते. बाण यकृतात किंवा पोटात गेला, तर मरण यायला कित्येक तास लागतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये धनुर्धाऱ्यांच्या शिकारीला पहिल्यांदा कायद्याने वेगळा हंगाम दिला. आज तिथे जवळजवळ सगळीकडे असे हंगाम आहेत आणि त्यांचे नियम परवाना, वेळ, अवजारे यांबद्दल बारकाईने बोलतात. बाण लागूनही जे हरीण हाती आले नाही, त्याच्याबद्दल मात्र ते फार थोडे बोलतात. शोधण्याचा वाजवी प्रयत्न करावा, एवढे अनेक ठिकाणी सांगितलेले असते. त्यानंतर शिकारी दुसरे हरीण मारायला मोकळा. हे मला पटत नाही. परवान्यावर एक हरीण असेल आणि एकाला बाण लागला असेल, तर ते सापडो वा न सापडो, तो परवाना तिथे संपला असे धरले पाहिजे.

हे का म्हणायचे, ते माग काढण्याच्या कामाकडे नीट पाहिले की कळते. पहिला पुरावा बाण लागला त्या जागेवरच मिळतो. गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसाचे. गडद लाल रक्त यकृताचे. बाणाला हिरवट-तपकिरी लगदा आणि आंबूस दुर्गंधी असेल, तर कोठीपोट फाटले आहे. त्यावरून थांबायचे किती ते ठरते: फुप्फुसाला अर्धा तास, यकृताला तीन-चार तास, पोटाला आठ-बारा तास. नवख्याला हे क्रूर वाटते. जनावर तडफडत असताना हा मचाणावर स्वस्थ कसा बसतो? पण पोटात बाण लागलेले हरीण पाठलाग झाला नाही तर बहुधा जवळच झाडोऱ्यात जाऊन बसते आणि तिथेच मरते. घाई करून उठवले, तर ते उरलेल्या बळावर पुष्कळ लांब जाते. जखमेच्या तोंडाशी आतडे किंवा चरबी येऊन रक्त बाहेर पडेनासे होते आणि माग तुटतो. ज्या घाईला आपण दया समजतो, तिनेच त्याचे मरण लांबते. मग शोध सुरू होतो तो पावलापावलाने: रक्ताच्या रेषेवर पाय न देता बाजूने चालायचे, शेवटचा थेंब दिसला तिथे खूण बांधायची, गवताच्या काड्यांवर किती उंचीला डाग आहे ते पाहायचे, काहीच दिसेनासे झाले की त्या खुणेभोवती वाढत्या घेराने फिरायचे. रात्री पाऊस येणार असेल किंवा कोयोटी, म्हणजे लांडग्याच्या कुळातले छोटे शिकारी प्राणी, जवळ असतील तर थांबावे की निघावे, यावर मुरलेल्या शिकाऱ्यांतही मतभेद होतात. म्हणूनच संध्याकाळी उजेड सरत असताना, ढग दाटलेले असताना बाण सोडायचाच नाही, हा निर्णय मला मागाच्या विद्येचा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो.

नेम पक्का असला की हा प्रश्न उरत नाही, असे पुष्कळजण मानतात. आधुनिक कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ८०-९० मीटर जातो, आवाज ३४० मीटर. तीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या आधी ऐकू येतो आणि ते उसळी घेण्यासाठी अंग खाली दबवते, तेवढ्यात बाण भलतीकडे लागतो. मेरीलँडमधील इंडियन हेड या नौदलाच्या तळावर १९८९ ते २००६ पर्यंत कौशल्याची परीक्षा दिलेल्या धनुर्धाऱ्यांचीच नोंद ठेवली गेली. त्यांचे बाण लागलेल्या ९०८ हरणांपैकी ७४६ हाती आली. शंभरांत सुमारे अठरा आली नाहीत. ओक्लाहोमातील मॅकॲलेस्टर इथे, लष्कराच्या दारूगोळा कारखान्याच्या विस्तीर्ण आवारात, रेडिओ पट्टे बांधलेल्या नरांचा अभ्यास झाला. तिथे फक्त पारंपरिक धनुष्ये चालतात. बाण लागलेल्यांपैकी निम्मे नर शिकाऱ्यांना मिळाले नाहीत. म्हणजे जखमी होऊन निसटलेले हरीण ही एखाद्या अडाण्याच्या हातून घडलेली अपवादात्मक चूक नाही. या शिकारीत तो धोका मुळातच आहे, प्रत्येक शिकाऱ्याला तो आधीपासून ठाऊक असतो, आणि ठाऊक असलेल्या धोक्याची जबाबदारी तो पत्करणाऱ्याचीच असते.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, निसटलेली सगळी हरणे मरत नाहीत. हे खरे आहे. मॅकॲलेस्टरच्या त्या अभ्यासातच न मिळालेल्या नरांपैकी बहुतेक जगले. खांद्याच्या वरच्या मांसात लागलेली जखम हरीण भरून काढते. मग जिवंत हरीण मेलेले म्हणून का मोजायचे? पण परवाना ही काही मृतांची नोंदवही नाही. एका जिवावर शस्त्र चालवण्याची समाजाने दिलेली ती मुभा आहे आणि बाण अंगात शिरला त्या क्षणी ती वापरून झालेली असते. ही कल्पना नवी किंवा विचित्रही नाही. अलास्काच्या आग्नेय भागात जखमी केलेले अस्वल शिकाऱ्याच्या मर्यादेत धरले जाते. आफ्रिकेत पैसे मोजून शिकारीला आलेल्या पाहुण्याला जखमी जनावर सापडले नाही तरी त्याची पूर्ण किंमत द्यावी लागते, ही तिथली सर्रास रीत आहे. पैशाच्या बाबतीत जो न्याय सहज मान्य होतो, तो जिवाच्या बाबतीत जाचक का वाटावा?

दुसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात आधी येईल: एवढा प्रश्न असेल तर ही शिकारच बंद का करू नये? जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये धनुष्याने हरणे मारायला बंदी आहे, भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वन्यप्राण्यांची शिकारच निषिद्ध आहे. या आक्षेपाबद्दल मला आदर आहे. पण न्यू जर्सीसारख्या राज्यात, जिथे आपलीही हजारो माणसे घरे करून राहतात, लांडगा आणि प्यूमा कधीच संपले. हरणांनी जंगलाखालची कोवळी रोपे खाऊन टाकली आहेत, रस्त्यांवर गाड्यांना ती सतत धडकतात. तिथे घरापासून ४५० फुटांच्या आत बंदूक चालवता येत नाही. धनुष्याला १५० फुटांची अट आहे. वस्तीच्या कडेने हरणांची संख्या आटोक्यात ठेवायची तर पुष्कळदा धनुष्यच हाती उरते. ते अपरिहार्य आहे म्हणणाऱ्यानेच त्याची किंमत पूर्ण मोजली पाहिजे.

शिल्लक राहतो तो व्यवहाराचा प्रश्न. जंगलात कोण पाहतो? अमेरिकी निसर्गलेखक आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुर्धारी होता. शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात, त्याच्या वागण्याला त्याची सदसद्विवेकबुद्धीच आवर घालते, हे त्याने फार पूर्वी लिहून ठेवले. मारलेल्या हरणाची नोंदही आज बव्हंशी शिकारी स्वतःच करतो आणि तिच्यावर राज्ये धोरणे आखतात; मग जखमी हरणाची नोंद तेवढी अशक्य कशी? शिवाय परवाना जाणार हे ठाऊक असलेला माणूस अंधूक उजेडात, लांबच्या टप्प्यावरून बाण सोडण्याआधी थबकेल आणि सोडलाच तर शोध लवकर सोडणार नाही. दोरीने बांधलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याला तो बोलावील. जर्मनीत अशा कुत्र्यांची जुनी परंपरा आहे. न्यूयॉर्क राज्यात १९७० च्या दशकात जॉन जीनेनी यांनी ती रुजवायला सुरुवात केली आणि त्यानंतर अनेक राज्यांनी अशा कुत्र्यांना कायद्याने मुभा दिली. अडचण आणखी एका ठिकाणी येते. जखमी हरीण कुंपण ओलांडून दुसऱ्याच्या जमिनीत गेले, तर अनेक राज्यांत मालकाच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. शिकार मान्य नसलेला मालक पुष्कळदा नकार देतो. त्याचा राग समजतो, पण बाण सुटून गेलेला आहे आणि हरीण त्याच्याच परसात कुठेतरी पडले आहे; शिकारीला विरोध करणाऱ्यानेच अशा वेळी फाटक सगळ्यात आधी उघडावे, असे मला वाटते.