वाळवंटात बदकं पाळावीत का?

आखातात भिंतीआडचं लहानसं अंगण असलेलं घर तुम्हाला मिळालं असेल, मुलं एसीच्या खोलीत कंटाळलेली असतील आणि बाजारात खोक्यात दाटीवाटीने बसलेली पिवळी पिल्लं तुम्ही पाहिली असतील, तर 'घेऊन जाऊ का दोन-चार?' हा विचार तुमच्या मनात नक्की येऊन गेला असेल. बदक म्हटलं की आपल्याला गदिमांचं तळ्यातल्या पिल्लांचं गाणं आठवतं. आम्ही राहतो त्या हफ्र अल बातिनमध्ये तळं नाही, आणि प्रश्न तिथूनच सुरू होतो.

हे गाव सौदी अरेबियाच्या ईशान्येला, कुवेत आणि इराकच्या सीमेजवळ, वादी अल बातिनच्या कोरड्या पात्रात वसलेलं आहे. 'हफ्र' म्हणजे खणलेली जागा. बसऱ्याहून मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी सातव्या शतकात अबू मूसा अल-अशअरी यांनी इथे विहिरी खणवल्या, असं परंपरा सांगते. म्हणजे गावाच्या नावातच पाण्याची वणवण आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जानेवारीत पहाटे शेकोटी आठवते. हा मुलूख उंटांचा आणि मेंढ्यांचा. अशा ठिकाणी पाण्याचा पक्षी आणून ठेवायचा?

आधी सुख सांगते, कारण ते खरं आहे. आमच्याकडे चार माद्या आणि एक नर आहे. बदकाचं अंडं कोंबडीच्या अंड्याहून मोठं, बलक घट्ट, केक तर असा फुगतो की शेजारणी कृती विचारतात. कोंबड्या अंगण उकरून ठेवतात. बदकं तेवढं उकरत नाहीत. चोच घालून किडे, गोगलगायी टिपत हिंडतात. पाण्याचा पाइप सुरू केला की त्यांचा जो गलका होतो तो ऐकून दिवसभराचा शीण जातो. आमच्या शेजारच्या मल्याळी सिस्टर कुट्टनाडच्या. त्यांच्या गावी भातकापणीनंतर हजारो बदकांचे थवे शेतात चरायला सोडतात. आमची पाच बदकं बघायला त्या ड्यूटीवरून परस्पर येतात. अरबीत बदकाला 'बत्त' म्हणतात आणि हिंदीतला बत्तख त्याच घरातला, हा शोध मुलांना लागला तेव्हा अरबी शिकायला त्यांनी पहिल्यांदाच उत्साह दाखवला.

आता दुसरी बाजू. बदक घाण करतं, आणि ओली घाण करतं. स्वच्छ पाण्याचं टब तासाभरात चिखलाचं होतं. माद्या मोठ्याने ओरडतात; नराचा आवाज घोगरा आणि हळू असतो, त्यामुळे तक्रार येते ती अंडी देणारीचीच. माशा होतात. नर जास्त झाले तर माद्यांना छळतात, म्हणून चार-पाच माद्यांमागे एकच नर ठेवावा लागतो. पिल्लं मात्र निम्मी नर निघतात. त्या जादा नरांचं काय करायचं, हे पिल्लं विकणारा कधी सांगत नाही. शिवाय बदकाला नुसतं प्यायला पाणी पुरत नाही. डोळे आणि नाकपुड्या धुता येतील एवढं डोकं बुडवायला खोल पाणी लागतं. त्याला घाम येत नाही. उन्हात ते चोच उघडून धापा टाकतं. सावली आणि पाणी ही त्याची चैन नाही, गरज आहे.

आपली नैतिक शंका बहुधा या पाण्यापाशीच अडते. इथलं पाणी एकतर भूगर्भात हजारो वर्षांपूर्वी साठलेलं, पुन्हा भरून न येणारं. नाहीतर समुद्राचं खारं पाणी गोडं केलेलं. याच भूजलावर या देशाने एकेकाळी गहू पिकवून निर्यात केला आणि मग पाणी संपायला लागलं म्हणून २००८मध्ये ती शेती आवरायचं ठरवून २०१६पर्यंत सरकारी गहूखरेदी थांबवली. तिथे आपण बदकं डुंबायला सोडायची?

हिशेब करून बघू. आमचं टब साधारण १२० लिटरचं. उन्हाळ्यात रोज बदलावं लागतं. आजच्या पद्धतीने १००० लिटर समुद्राचं पाणी गोडं करायला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. म्हणजे टबामागे अर्ध्या युनिटहूनही कमी. गावापर्यंत पाणी ढकलायचा खर्च वेगळा धरला तरी दीड टनाचा एसी एवढी वीज अर्ध्या-पाऊण तासात खातो. तेच गढूळ पाणी आम्ही खजुराच्या झाडाला आणि अळूला घालतो. तेव्हा बदकांच्या पाण्यावरून कुणी नाक मुरडलं तर मी त्यांना आधी त्यांच्या रिकाम्या खोलीतला एसी बंद करायला सांगते. पाण्याची उधळपट्टी हा प्रश्न खरा आहे, पण त्यात बदकाचा वाटा लहान आणि आपला मोठा आहे.

मग खरी अडचण कुठे आहे? दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एक आपली: रामेश्वराला वाहायला निघालेलं गंगेचं पाणी एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. दुसरी इथली, हदीसमधली: एका बाईने मांजर बांधून ठेवलं, स्वतः खाऊ घातलं नाही आणि आपलं आपण शोधून खावं म्हणून सोडलंही नाही, त्याबद्दल तिला शिक्षा झाली. पहिली आपण लहानपणापासून ऐकतो आणि बदकांना पाणी घालताना मनातल्या मनात स्वतःला एकनाथांच्या जागी बसवतो. पण गाढव एकनाथांना वाटेत भेटलं होतं. बदक आपण पैसे मोजून, खोक्यात घालून घरी आणलं. त्याची तहान आपणच अंगणात आणून ठेवली आहे. त्यामुळे त्याला पाणी देणं हे पुण्य नाही, देणं आहे. आपल्याला लागू पडते ती मांजराची गोष्ट. बांधलं त्या क्षणी जबाबदारी सुरू झाली.

आता ही जबाबदारी किती वर्षांची? नीट सांभाळलं तर बदक आठ-दहा वर्षं जगतं. आपला इकामा बहुतेकांचा वर्षा-वर्षाचा. जुलै २०१७पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल शुल्क लागलं, ते दर वर्षी वाढत २०२०मध्ये ४०० झालं. त्या तीन वर्षांत आमच्या ओळखीतली कितीतरी कुटुंबं सामान विकून परत गेली. सोफा, फ्रिज, सायकल सगळ्याला गिऱ्हाईक मिळालं. पोपट, मांजरं, बदकं उरली. भारतात पक्षी नेणं कागदपत्रांनी इतकं अवघड की कुणी त्या वाटेला जात नाही.

जाताना लोक काय करतात? काही जण वादीत पाणी साचलेलं बघून बदकं सोडून देतात आणि 'मुक्त केली' म्हणतात. पांढरं पेकिन जातीचं बदक जड अंगामुळे उडू शकत नाही. कुत्रा किंवा कोल्हा येईपर्यंतच ते मुक्त असतं. शिवाय बदकाच्या अंगात बर्ड फ्लूचा विषाणू लक्षणं न दाखवताही राहू शकतो, आणि डिसेंबर २०१७मध्ये रियाधच्या पक्षीबाजारात तो सापडलाही होता. पाळीव आणि रानटी पक्षी असे एकत्र आणणं दोघांनाही घातक. दुसरे लोक गावाबाहेरच्या इस्तिराहावर काम करणाऱ्या माणसाला बदकं देतात आणि तो ती कापून खाईल हे माहीत असून मुलांना सांगतात, 'शेतावर मजेत आहेत.' मला या दुसऱ्यात खाण्याचा भाग तितका खटकत नाही, जितका खोटं बोलण्याचा.

इथे तुम्ही म्हणाल, सुपरमार्केटमधून फ्रोझन चिकन आणणाऱ्यांनी बदकांसाठी एवढे अश्रू का ढाळावेत? आक्षेप रास्त आहे. त्या कोंबडीचं आयुष्य आमच्या बदकाहून वाईट गेलं, आणि तिला नाव नव्हतं म्हणून तिचं दुःख कमी होत नाही. पण एका ठिकाणी उदासीन आहोत म्हणून दुसरीकडेही उदासीन व्हायची परवानगी मिळत नाही. आणि बदकाच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत जे हलताना दिसतं त्यालाच पिल्लू आई मानतं. कोनराड लोरेन्झने १९३५मध्ये हे सविस्तर मांडलं. मशीनमध्ये उबवलेलं पिल्लू आपल्या मागे मागे धावतं तेव्हा ते आपल्याला निवडत नाही. त्याला दुसरं कुणी दिसलेलंच नसतं.

आखातात राहणाऱ्या माणसाला हे कळायला फार लांब जावं लागू नये. आपल्या राहण्याचा कागद दुसऱ्याच्या हातात असतो, तो एका सहीने संपू शकतो, हे आपण जाणतो. २०२१च्या मार्चपासून खासगी नोकरीतल्या बऱ्याच लोकांना मालकाच्या परवानगीविना नोकरी बदलणं, देशाबाहेर जाणं शक्य झालं. घरकामगारांना तेही नाही. चांगला कफील कोण, असं विचारलं तर आपण सांगतो: जो निघायची वेळ आली की अडवत नाही आणि वाऱ्यावरही सोडत नाही. अंगणातल्या बदकांचे कफील आपण आहोत. फरक एवढाच की त्यांना तक्रार अर्ज लिहिता येत नाही.

म्हणून मी बदकं पाळू नका असं म्हणत नाही. पिल्लं आणण्याआधी निरोपाची व्यवस्था करा, एवढंच सांगते. परत जाणाऱ्या कुणाची तरी मोठी बदकं आधी घ्या. नवी पिल्लं बाजारात नेहमीच असतात. अंडी रोज उचला, संख्या वाढू देऊ नका. सुट्टीत भारतात जाल ते ३०-४५ दिवस टबात पाणी कोण भरणार, त्या माणसाचं नाव आधी ठरवा. आणि ही बदकं अंड्यांसाठी आहेत, ताटात जाणार आहेत की म्हातारी होईपर्यंत राहणार आहेत, हे पहिल्याच दिवशी मुलांसमोर बोला. तिन्ही उत्तरं प्रामाणिक असू शकतात. आमच्या पाच बदकांसाठी शेजारच्या सिस्टरनी होकार दिला आहे. त्यांचाच इकामा आधी संपला तर कुणाकडे, यावर आमची अजून बोलणी चालू आहेत.