बुद्धाच्या सभेतील कोंबडे

क्योतो येथील भाजीपाल्याच्या घाऊक व्यापाऱ्याच्या घरी १७१६ साली जन्मलेल्या इतो जाकुचू या चित्रकाराने, अंगणात कोंबडे पाळून त्यांचे दीर्घकाळ निरीक्षण केल्यावर, पक्षी, मासे, कीटक व पुष्पे यांची रेशमावरील ३० लंबचित्रे सिद्ध केली आणि शाक्यमुनी व दोन बोधिसत्त्व यांच्या तीन चित्रांसह शोकोकुजी या झेन मठास अर्पण केली. तिर्यग्योनीतील जीवास बुद्धत्वाचा अधिकार आहे काय, याचा निवाडा शास्त्रार्थाने होवो न होवो. परंतु धर्मविधीसाठी ही चित्रे बुद्धाच्या दोन्ही बाजूंस टांगली जात, तेव्हा कोंबडा आणि बेडूक हे त्या सभेचे हक्कदार सभासदच ठरत, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. १८८९ मध्ये ती ३० चित्रे जपानच्या राजघराण्याच्या स्वाधीन झाली, बुद्धत्रयी मात्र मठातच राहिली. ही ताटातूट मला कलेच्या हानीपेक्षा धर्माचीच हानी अधिक वाटते.