कुलूप कोणासाठी?



घरातून निघताना आपण कुलूप लावतो आणि दोनदा ओढून पाहतो. शेजाऱ्याला त्याचे वाईट वाटत नाही. त्याच्याही दाराला कुलूप असतेच. तरी प्रश्न उरतो. कुलूप लावणे म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणे नव्हे काय?

अशा वेळी शनिशिंगणापूरचे उदाहरण हमखास दिले जाते. तेथे घरांना दारे-कुलपे नसण्याची परंपरा आहे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तेथे बिनकुलपाची शाखा उघडली. मात्र रोकड सांभाळण्याची सोय बँकेने केलीच, आणि आदल्याच वर्षी गावात चोरीची तक्रारही नोंदली गेली होती. श्रद्धेमुळे पुष्कळांचे हात आवरतात, पण सर्वांचेच नाही. तेव्हा कुलूप लावण्यात पाप नाही.

आपली ख्रिस्तसभाही कुलूप लावते. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९३८ वा नियम सांगतो की, परमप्रसादाची पेटी भक्कम व कुलूपबंद असावी आणि तिची किल्ली अत्यंत काळजीपूर्वक सांभाळावी. पण परमप्रसाद राखून ठेवायचा कशासाठी? मुख्यतः मरणोन्मुख व आजारी माणसांना नेता यावा म्हणून. मध्यरात्री बोलावणे आले तरी ती पेटी उघडली जाते. तेथले कुलूप देण्यासाठी जपणारे आहे.

हीच कसोटी आपल्या कुलपांना लावून पाहू या. म्हाताऱ्या आईचे पासबुक कपाटात बंद आहे. ते चोरापासून जपले आहे, की तिच्यापासूनच? नदीवरची मोटार भावाभावांची सामाईक असेल आणि स्टार्टरच्या पेटीची किल्ली एकाच्याच खिशात राहत असेल, तर ते कुलूप चोरासाठी, की भावासाठी?

ऊसतोडीच्या हंगामात आपल्या शिवारात कोप्या उभ्या राहतात. पाचटाच्या कोपीला दार कसले आणि कुलूप कसले! उजाडण्याआधी फडात गेलेल्या माउलीचा संसार दिवसभर आपल्या भरवशावर उघडा असतो. आणि गावात काही चोरीला गेले, की आपले बोट पहिल्यांदा तिच्याच कोपीकडे वळते. तिने आपल्यावर टाकलेला विश्वास आपण असा फेडावा काय?

रात्री दाराला कुलूप जरूर लावावे. पण दारावर गरजवंताची हाक आली, तर किल्ली शोधायला उशीर लावू नये.