पुणे की बंगळूर?



दर वर्षी उन्हाळ्यात परीक्षांचे निकाल लागले की बेळगाव भागातील आपल्या मंडळ्यांत एक प्रश्न घरोघर निघतो. मुलगा किंवा मुलगी शिकून तयार झाली. आता नोकरीसाठी पुण्यास जावे की बंगळुरास? रस्ता एकच आहे. पूर्वीचा चार नंबरचा हमरस्ता, ज्याला आता 48 हा क्रमांक आहे, तो बेळगावावरून जातो. उत्तरेस सुमारे 340 किलोमीटरवर पुणे, दक्षिणेस सुमारे 500 किलोमीटरवर बंगळूर. 2024 साली पुणे–हुबळी आणि 2025 साली बंगळूर–बेळगाव अशा वंदे भारत गाड्याही सुरू झाल्या. जाणे सोपे झाले. निवडणे मात्र सोपे झालेले नाही.

घरात चर्चा सुरू झाली म्हणजे तराजू काढला जातो. एक म्हणतो, बंगळुरास हवा थंड, पगार मोठा, आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स 1940 साली निघाल्यापासून यंत्रविद्येचे ते माहेरघर. दुसरा म्हणतो, पुण्यास मावशी आहे, भाषा आपली आहे, पिंपरी-चिंचवडचे कारखाने आहेत आणि हिंजवडीत संगणकाची कामेही आहेत. मग उणी बाजू निघते. बंगळुरास कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून पंपाने चढवून आणावे लागते आणि 2024 च्या उन्हाळ्यात तेथे पाण्याचे किती हाल झाले ते सर्वांनी वाचले आहे. वाहनांच्या गर्दीत तर दोन्ही शहरे एकमेकांस हार जाणार नाहीत.

हा हिशेब करू नये असे आम्ही म्हणणार नाही. पोट भरणे, घरी चार पैसे पाठविणे, शिकलेल्या विद्येचे चीज करणे, यांत पाप नाही. परंतु हा हिशेब जितका पक्का वाटतो तितका तो नसतो. इन्फोसिस कंपनी 1981 साली पुण्यात स्थापन झाली आणि 1983 साली तिने आपले मुख्य ठाणे बंगळुरास हलविले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली आपल्या बेळगावातच सायकलींचे दुकान काढले. पुढे 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. आणि 1946 साली त्याच घराण्याचा एक कारखाना बंगळुरात विजेच्या मोटारींचा, तर दुसरा पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा निघाला. शहरांचे भाग्य पालटते. आज जे शहर पुढे आहे ते वीस वर्षांनी कोठे असेल हे कोणी सांगावे? तेव्हा केवळ शहराकडे पाहून केलेली निवड शहराबरोबरच डळमळते.

पवित्र शास्त्रात अशा निवडीची एक जुनी गोष्ट आहे. अब्राहाम व लोट यांच्या गुराख्यांत भांडणे होऊ लागली, तेव्हा वडीलधारा असूनही अब्राहामाने पहिली निवड पुतण्याला करू दिली. लोटाने नजर वर करून पाहिले, यार्देनेचे सुपीक खोरे त्याच्या दृष्टीस पडले आणि त्याने ते घेतले. गुरेढोरे बाळगणाऱ्याने पाणी पाहावे यात दोष तो काय? दोष पाहण्यात नव्हता. जे पाहिलेच नाही त्यात होता. पाणी दिसले, पण तेथील माणसे कशी आहेत आणि त्यांच्यात आपण कोण होऊन राहणार, याचा विचार झाला नाही. प्रथम त्याचा तंबू सदोमाच्या बाजूस गेला, मग तो सदोमात राहू लागला, अखेर नगराच्या वेशीत बसू लागला. बाहेरून पाहता ही बढतीच होय! परंतु संकटाच्या रात्री त्याने जावयांना सावध केले, तेव्हा त्यांना ती थट्टा वाटली. इतकी वर्षे राहूनही त्याच्या शब्दाला घरात वजन उरले नव्हते. इकडे अब्राहाम हेब्रोनास गेला आणि तेथे त्याने वेदी बांधली.

याच्या उलट दुसरे घर पाहा. अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे जोडपे तंबू करण्याचा धंदा करीत असे. क्लौद्य कैसराच्या हुकुमाने त्यांना रोम सोडावे लागले. ती करिंथास आली, तेथून इफिसास गेली, आणि पुढे पुन्हा रोमात दिसतात. ही सर्व त्या काळची मोठी शहरे, आणि त्यांचे दोष आजच्या शहरांपेक्षा कमी नव्हते. पण करिंथात त्यांनी पौलाला घरी ठेवून घेतले आणि त्याच्याबरोबर काम केले. इफिसात त्यांच्या घरी मंडळी जमे, रोमातही जमे. शहर बदलले, धंदा तोच राहिला, दार उघडेच राहिले. या जोडप्याला ‘तुमच्यासाठी कोणते शहर उत्तम?’ असे विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून आम्हांस वाटते, ‘कोणते शहर मला अधिक देईल?’ या प्रश्नाच्या आधी ‘तेथे मी कोणाचा शेजारी होणार?’ हा प्रश्न यावा. त्याचे उत्तर पगाराच्या पत्रात नसते. ते मुद्दाम शोधावे लागते.

आपल्याकडे या प्रश्नात भाषेचा काटा आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमाभागातील मराठी मनाला जी जखम झाली ती खोटी नाही. म्हणून काही घरांत पुणे म्हणजे आपले व बंगळूर म्हणजे परके, असे आधीच ठरून गेलेले असते. मातृभाषेत प्रार्थना करावी ही ओढ पवित्र आहे, आणि पुण्यास मराठी उपासना सहज मिळते ही मोठी सोय आहे. ती पाहून पुणे निवडणारा चुकतो असे नाही. पण रागाने निवडलेले पुणे आणि प्रीतीने निवडलेले पुणे एक नव्हे. तसेच जो बंगळुरास जाईल त्याने कानडी नीट शिकावी; जवळच्या कानडी मंडळीत जावे; आणि घरी मुलांना मराठी शास्त्र वाचावयास शिकवावे. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 साली आजच्या कर्नाटकातील डोंगरात झाला. त्यांना कानडी येत असे, आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर त्यांनी केले ते मराठीत. त्यांनी 1889 साली शारदा सदन मुंबईत काढले, पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले आणि नंतर केडगावास मुक्काम केला. आश्रयास आलेल्या मुलींचे भले कोठे होईल, हे पाहून त्या हलल्या.

दुसरा काटा आईबापांचा. पुणे जवळ, म्हणून आईबापांचा मान राखला जातो, असे समजू नये. जवळ राहून वर्षभर न येणारे पुत्र आहेत, आणि लांब असूनही दर रविवारी उपासनेनंतर फोन करून आईच्या औषधांची चौकशी करणाऱ्या मुलीही आहेत. तथापि ज्या घरी अंथरुणास खिळलेले माणूस आहे आणि पाहणारे दुसरे कोणी नाही, तेथे दोन्ही शहरांचा प्रश्न काही वर्षे बाजूस ठेवणे हेच कर्तव्य ठरेल. असा मुलगा बेळगावात कमी पगारावर राहिला, तर मंडळीने त्याला मागे पडलेला म्हणू नये. आणि आईबापांनीही शेजाऱ्यांत मिरविण्यासाठी मुलाला दूर ढकलू नये, किंवा एकटेपणाच्या भीतीने त्याचे पाय बांधू नयेत.

शेवटी मंडळ्यांविषयी. तरुण गेले, बाके रिकामी झाली, शब्बाथ शाळेला शिक्षक नाहीत, ही तक्रार खरी आहे. परंतु जाणाऱ्यास निरोप देताना आपण काय करतो? पाळकांनी त्याच्या हाती सभासदत्वाचे पत्र द्यावे. तिकडच्या पाळकांना आधी कळवावे. पहिला महिना मुलांना फार एकटा जातो; त्या महिन्यात कोणी जेवावयास बोलाविले तर ती टिकतात, नाहीतर रविवार हा कपडे धुण्याचा व झोपेचा दिवस होतो. पुण्याच्या मंडळ्यांनीही ‘हे सीमेकडचे’ असा भेद न करता आपल्या घरांची दारे उघडावी.

बाबेलास नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र लिहून कळविले होते की, तेथे घरे बांधा, बागा लावा, आणि त्या नगराच्या हितासाठी देवाजवळ मागा. ते नगर त्यांनी निवडलेलेही नव्हते. मग आपल्या मुलांना तर निवड करण्याची मोकळीक आहे. ती निवड त्यांनी प्रार्थनेने, घरच्यांशी बोलून, निर्भयपणे करावी; आणि एकदा केल्यावर सोडलेल्या शहराकडे वळून वळून न पाहता जेथे गेले तेथील हित शोधावे. प्रभू त्यांना उत्तरेच्या व दक्षिणेच्या दोन्ही वाटांवर सांभाळो.