थप्पी

नागपूरच्या कळमना बाजारात एक हमाल होता. कांद्याची, बटाट्याची, मिरचीची पोती उतरवायची, त्यांची थप्पी लावायची, पुन्हा ट्रकात भरायची, यात त्याचा दिवस जाई. त्याची मुलगी सातवीत होती.

वस्तीच्या समाजमंदिरात संध्याकाळी कॉलेजात शिकणारी एक ताई यायची. ती मुलांना स्क्रॅच शिकवायची. ही भाषा अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ साली मुलांसाठी खुली केली. ती फुकट मिळते. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले की पडद्यावरचे मांजर चालू लागते. मुलीला त्याचा नाद लागला.

तेव्हा आंबिया बहाराचे दिवस होते. बाजारात संत्र्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. मुलीनेही संत्र्यांचाच गेम केला. वरून संत्री पडत, मांजर ती टोपलीत झेले, एका संत्र्याला दहा गुण. आधी गुण वाढेचनात. संत्रे टोपलीला लागले का, हे संगणक एकदाच तपासत होता. ते सतत तपासायला सांगावे लागते, हे ताईने दाखवले. गुण वाढू लागले तशी मुलगी टाळ्या पिटत उठली.

मुलांनी गेम एकेकदा खेळला. “मस्त आहे,” मुले म्हणाली आणि उठली. दुसऱ्यांदा कोणी बसले नाही. तिने संत्री जोरात पाडली, गाणे लावले, रंग बदलले. तरी तेच.

एके संध्याकाळी बाबा तिला न्यायला आले. तिने त्यांना खुर्चीवर बसवले. त्यांनी जपून बटणे दाबली, थोडी संत्री झेलली आणि हात थांबवला.

“हे संत्रं सुटलं त काय होते?”

“काही नाही. दुसरं पडते.”

“मंग मी धरू काऊन?”

मुलीकडे उत्तर नव्हते. घरी जाताना ती बाबांशी बोलली नाही.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी ती डबा घेऊन बाजारात गेली. बाबा आणि त्यांचे सोबती थप्पी लावत होते. एक थर उभा, त्यावरचा आडवा. जड पोती खाली, मिरचीची वर. एका नव्या पोराने घाईत पोते टाकले आणि थप्पी कलली. “अबे, धर धर!” एकच ओरडा झाला. सगळे धावले. कललेला भाग उतरवून त्यांनी पुन्हा रचला आणि पोराच्या पाठीवर थाप मारून हसले. मुलगी पोत्यांकडे कमी आणि माणसांच्या तोंडांकडे जास्त पाहत होती. डबा द्यायचा राहूनच गेला.

संध्याकाळी तिने हे ताईला सांगितले. ताईने तिला मॉस्कोची गोष्ट सांगितली. १९८४ साली तिथल्या अलेक्सी पाजितनोव नावाच्या संशोधकाने टेट्रिस हा गेम केला. लाकडी तुकडे जुळवण्याच्या खेळावरून त्याला तो सुचला. त्याच्या संगणकावर चित्रेही काढता येत नव्हती, म्हणून त्याने तुकडे कंसाच्या खुणांनी दाखवले. पडदा बघता बघता भरून जाई आणि खेळ संपे. मग त्याने भरलेली ओळ नाहीशी होईल असा नियम केला. त्या एका नियमामुळे माणसे जागची हलेनात.

मुलीने संत्री पुसून टाकली आणि थप्पीचा गेम करायला घेतला. हलक्यावर जड ठेवले की थप्पी झुके. लागोपाठ दोन थर एकाच दिशेने लावले तरी झुके. झुकाव फार वाढला की सगळे कोसळे. ट्रक सुटायची वेळ खाली दिसत राही.

आता ती लोकांना खेळायला बसवी आणि स्वतः मागे वही घेऊन उभी राही. काही सांगत नसे. कोणाचा हात कुठे अडतो, कोण कुठे उठते, ते लिहून घेई. पहिल्यांदा थप्पी फार लवकर पडत होती, म्हणून एक काका चिडून उठले. तिने झुकाव कमी केला. मग कोणाची थप्पी पडेचना आणि सगळे जांभया देऊ लागले. पुन्हा थोडा वाढवला. असे कितीतरी दिवस चालले.

एका रात्री बाबा बसले. थप्पी पडली. त्यांनी काही न बोलता पुन्हा सुरू केली. मागे उभे असलेले सोबती ओरडू लागले, “आडवं टाक, आडवं!” मुलगी म्हणाली, “बाबा, चला ना, उशीर झाला.” बाबा म्हणाले, “थांब माय, ट्रक सुटून राहिला.”

मुलगी शिकायला आली होती संगणकाला कामे सांगायला. संगणक सांगितले ते करतो. माणूस तसा नसतो, त्याला ते करावेसे वाटावे लागते. तसे कशाने वाटते, याचा शोध तिला गोड लागला आणि तिथेच तिला आपले काम सापडले. ते दाखवले मात्र बाबांच्या एका खऱ्या प्रश्नाने.

तुमच्या घरी एखादे मूल गेम बनवत असेल, तर शाबासकी देण्याआधी तो खेळायला बसा. कंटाळा आला, तर तसे त्याला सांगा.