उशिरा आलेला प्रेक्षक

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडारी रंगतात आणि रात्री सुरू झालेली नाटके कोंबडा आरवेपर्यंत चालतात. इथला प्रेक्षक मोठा रोखठोक. नाटक रंगले तर मध्यरात्रीच्या थंडीत घोंगडी लपेटून बसेल. न रंगले तर तीच घोंगडी झटकून उठेल. एकदा का मांडव रिकामा झाला, की त्या नाटकाला पुढच्या गावचे बोलावणे येत नाही. निकाल त्याच रात्री लागतो आणि त्यावर अपील नाही. सडक अर्जुनीत राहून मी असे निकाल पुष्कळ पाहिले आहेत आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतात, असे माझे मत आहे. पण या 'बहुतेक' शब्दात एक फट राहते. त्या फटीतून डोकावणारा एक प्रश्न गेले काही महिने माझी पाठ सोडीत नाही. ज्या कलाकृतीला तिच्या काळाने उठवून लावले, ती पुढे कुणाला तरी आवडली, तर त्या आवडीचे मोल काय? आणि ते कुणाच्या पदरात घालायचे?

हा प्रश्न माझ्यापुढे आणला तो 'स्टार ट्रेक' नावाच्या एका परदेशी दूरचित्रवाणी मालिकेने. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ती सुरू झाली. 'एंटरप्राइझ' हे अवकाशयान ताऱ्यांच्या मुलखात हिंडते. त्यावर काळे, गोरे, जपानी आणि पुढे रशियनदेखील खांद्याला खांदा लावून काम करतात. जोडीला परग्रहाचे रक्त असलेला, टोकदार कानांचा, भावनांना थारा न देणारा स्पॉक. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसले होते, त्या दिवसांत हे धाडसच होते. पण ती पाहणारी घरे पुरेशी भरेनात. दुसऱ्या वर्षी मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागताच चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला, तेव्हा कुठे तिसरे वर्ष मिळाले. पण ते मिळाले खर्चाला कात्री लावून आणि शुक्रवारी रात्री दहाची वेळ देऊन. त्या वेळी तिचा तरुण प्रेक्षक घरात सापडणे कठीण! ३ जून १९६९ रोजी ७९वा भाग दाखवला गेला आणि खेळ आटोपला. पुढे सात आठवडे उलटायच्या आत, २० जुलैला, माणूस चंद्रावर उतरला. अंतराळाची गोष्ट सांगणाऱ्याला घरी पाठवले आणि लगोलग सारे जग आभाळाकडे डोळे लावून बसले!

ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शननेही ही मालिका दाखवली. पण तेव्हा मी पाटीवर अक्षरे गिरवीत होतो आणि आमच्या आळीत संच नव्हता. तिची माझी गाठ पडली ती गेल्या उन्हाळ्यात. नागपूरला शिकणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने "गुरुजी, एवढी पाहाच" म्हणून ती मोबाइलवर लावून दिली. माझे इंग्रजी दहावीच्या पुस्तकापुरते. खाली उमटणारी अक्षरे लावीत लावीत रोज रात्री एकेक भाग पाहिला. ते नकली खडक आणि रंगवलेली आकाशे पाहून प्रथम हसूच आले. आमच्या नाटकांचे पडदे याहून बरे! पण चार-पाच रात्रींनंतर पडदा दिसेनासा झाला आणि माणसे दिसू लागली.

तिसऱ्या वर्षाचे भाग पाहताना मात्र मन कातर होई. शेवट मला ठाऊक होता. पडद्यावरची माणसे तर पुढची कैक वर्षे हातात असल्यासारखी वावरत होती. मालिकेचा कर्ता जीन रॉडनबेरी १९९१ साली गेला, स्पॉक झालेला लिओनार्ड निमॉय २०१५ साली. माझी दाद आता कोणत्या पत्त्यावर पोचावी? त्यांना हयातीत मान मिळाला, हे खरे. सत्तरच्या दशकात गावोगावच्या केंद्रांनी जुने भाग पुन्हा दाखवले आणि मालिकेला दुसरा जन्म मिळाला. १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या 'स्पेस शटल'ला, चाहत्यांच्या पत्रांखातर, 'एंटरप्राइझ' हेच नाव दिले गेले. पण प्रत्येकाच्या नशिबी हे नसते. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या घरी आणलेल्या ज्यूल व्हर्नने विसाव्या शतकातल्या पॅरिसवर एक कादंबरी लिहिली होती. १८६३ साली प्रकाशकाने ती परत केली. १९८९ साली ते हस्तलिखित सापडले आणि १९९४ साली छापले गेले. व्हर्न जाऊन तेव्हा ८९ वर्षे झाली होती!

मग त्या वाहिनीवाल्यांना खलनायक ठरवावे काय? मला ते पटत नाही. त्यांच्या हाती एक तराजू होता आणि त्यांनी तो इमानाने धरला. किती घरे पाहतात, एवढेच तो सांगे. पाहून कुणाच्या मनात काय रुजले, हे त्याला कळत नव्हते. शिकागोत वाढणारी मे जेमिसन नावाची एक मुलगी तेव्हा ती मालिका पाहत होती. १९९२ साली ती अंतराळात गेली. तिथे जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. बेरीज चुकली नव्हती. ती फक्त त्या रात्रीची होती.

उलट, उशिराच्या प्रेमातही एक लबाडी असते. जे डावलले गेले ते थोरच, असे आपण धरून चालतो. तिसऱ्या वर्षातले काही भाग सरळसरळ फसलेले आहेत. नुसते अकाली मरण आल्याने ते सुधारत नाहीत. दुसरे असे, की उशिरा आलेल्याला काही मोजावे लागत नाही. १९६८ साली ज्याने पत्र लिहिले त्याने स्वतःचे तिकीट लावले, शेजाऱ्यांचे हसू सोसले. मी पोचलो तेव्हा जयजयकार केव्हाच होऊन गेला होता. पिकल्या आंब्याला गोड म्हणायला काय लागते? मोहोर पाहून थांबणारा खरा.

म्हणून मला वाटते, उशिरा आलेल्या प्रेक्षकाच्या डोक्यावर एक ऋण असते आणि ते मागे वळून फेडता येत नाही. ज्यांचे देणे ते निघून गेले. ते पुढेच फेडावे लागते : आज कुणी तरी, मांडव अर्धा रिकामा असताना, काही सांगू पाहत असेल, त्याच्यापुढे वेळेवर जाऊन बसायचे. त्याचे नाव झालेले नसेल, त्याचे खडक पुठ्ठ्याचे असतील, तो फसेलही. पण ते काम फसेल की फळेल हे ठाऊक नसताना दिलेल्या तासाभराला जी किंमत आहे, ती पन्नास वर्षांनंतरच्या कौतुकाला नाही.

परवा माझ्या वर्गातल्या एका मुलाने निबंधाच्या वहीत मागच्या पानांवर लिहिलेली गोष्ट भीतभीत दाखवली. नवेगावबांधच्या तलावावर एक यान उतरते, आणि पाणी जराही हलत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचे वाटोळे झालेले, आणि गोष्ट तिथेच थांबलेली. मी लाल पेन खिशातच ठेवले आणि त्याला एवढेच विचारले, "मग पुढे काय झाले?"