राजमान्य द्यूत आणि गृहस्थधर्म

निंद्य म्हणून ठाऊक असलेले कर्म करावयास सज्जन मनुष्य सहसा धजत नाही. परंतु तेच कर्म राजाज्ञेची मोहर लेऊन समोर आले म्हणजे त्याच्या मनाची धास्ती ओसरते, आणि ‘ज्याला दंड नाही त्यात दोष कसला?’ असा युक्तिवाद त्याला सुचू लागतो. चोरी किंवा विश्वासघात यांविषयी हा भ्रम फारसा होत नाही. द्यूताविषयी मात्र तो प्राचीन काळापासून होत आला आहे, आणि आज तर तो हातातील फोनमधून घराघरांत शिरला आहे. म्हणून गृहस्थाश्रमी मनुष्याने त्याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

दोन भावांचे उदाहरण घ्यावे. थोरला बंगळुरास मल्लेश्वरम भागात राहतो. धाकटा नोकरीनिमित्त अमेरिकेत, न्यू जर्सीत. दोघेही निर्व्यसनी व कष्टाळू. आईने लहानपणी पाठ करून घेतलेला पंधरावा अध्याय जेवणापूर्वी म्हणण्याचा नेम दोघांनीही सोडलेला नाही. एके दिवशी धाकट्याने विचारले, ‘‘दादा, इथे खेळांवर पैज लावणे कायदेशीर आहे. राज्याने परवाना दिलेल्या पेढ्यांची यादीच आहे. चोरून काही करायचे नाही, कर चुकवायचा नाही. तू हिशेबी माणूस. यांतली विश्वासाची पेढी कोणती, ते जरा पाहून सांग.’’

थोरल्याने कागद-पेन्सिल घेतली. परवाना कोणाचा, ठेवलेला पैसा सुरक्षित राहतो काय, मागितल्यावर किती दिवसांत परत मिळतो, भाव कसा देतात, खेळणाऱ्यास स्वतःवर मर्यादा घालून घेण्याची सोय आहे काय, असे एकेक प्रश्न त्याने मांडले. हे सर्व प्रश्न शहाणपणाचे आहेत यात संशय नाही. परंतु ते लिहिता लिहिता त्याचे मन अडखळले. हे सगळे प्रश्न पेढीविषयी होते. कर्माविषयी त्यांत एकही नव्हता.

परवाना म्हणजे काय, याची प्रचीती त्याला स्वतःच्याच शहरात आली होती. कर्नाटकाने ५ ऑक्टोबर २०२१ पासून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे का असेनात, गुन्हा ठरविले. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथील उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतील मुख्य कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने साऱ्या देशासाठी कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य आणि दैव हा भेद बाजूस ठेवून त्याने पैशाचे ऑनलाइन खेळ चालविण्यासच मनाई केली. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला, खेळणाऱ्यास मात्र शिक्षा सांगितली नाही. इकडे घोड्यांच्या शर्यतींना म्हैसूर राज्याच्या १९५२ च्या कायद्यानुसार परवाने मिळत आले. धाकट्याच्या न्यू जर्सीत हीच गोष्ट उलट दिशेने घडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी निकाल दिला आणि जूनमध्ये तेथे पहिल्या अधिकृत पैजा लागल्या.

आता विचार करावा. थोरल्याच्या शेजारी कोणी रोज रात्री पैसे लावून रमी खेळत असेल, तर त्याचे तेच कर्म चार वर्षांच्या आत निर्दोष, सदोष, पुन्हा निर्दोष आणि पुन्हा सदोष ठरले काय? त्याच्या मनातील लोभ तोच, घरच्यांपासूनचा लपवालपवीचा प्रकार तोच, रात्रीचे जागरण तेच. पालटला तो केवळ कायदा. कायद्याचा मान राखणे हे प्रत्येकाचे कर्तव्यच आहे. परंतु कायदा एवढेच सांगतो की कोणाला दंड होईल आणि कोणाला होणार नाही. अंतःकरणाचे काय होईल हे सांगण्याचे काम त्याने कधी अंगावर घेतलेलेच नाही.

हा भेद आपल्या शास्त्रकारांना पूर्ण अवगत होता. निर्जीव फाशांनी खेळतात ते द्यूत आणि सजीव प्राण्यांवर पण लावतात तो समाह्वय, अशी व्याख्या मनूने केली आहे. घोड्यांवरची किंवा खेळाडूंवरची आजची पैज ही या समाह्वयाचीच जात होय. राजाने दोन्ही आपल्या राज्यातून घालवून द्यावीत, असे मनूचे मत. याज्ञवल्क्याने मात्र सभिक, म्हणजे द्यूतगृहाचा चालक, मान्य केला. त्याने राजाचा ठरलेला भाग द्यावा आणि जिंकणाऱ्यास जिंकलेले धन मिळवून द्यावे, असे नियम सांगितले. कौटिल्याने तर द्यूताध्यक्ष नेमून एकाच ठिकाणी खेळ चालवावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावेत, अशी व्यवस्था लावली. गुप्तपणे धंदे करणारे लोक ओळखता यावेत हाही त्यात हेतू होता. म्हणजे ‘बंदी की परवाना’ हा वाद नवा नाही, आणि परवाना देणाऱ्या राजाची अडचणही नवी नाही. जे थांबविता येत नाही ते निदान डोळ्यांसमोर असावे, ही राजनीती झाली. ती राजाला उचित असेल. परंतु राजाच्या नाइलाजाला गृहस्थाने आपले प्रशस्तिपत्र समजू नये.

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा प्रश्न तपासला, आणि ते प्रकरण बंगळुराशीच जोडलेले होते. तेथे छापून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या शब्दकोडी बक्षीसस्पर्धा चालत. तिचा मुंबई राज्यातही प्रसार होता, म्हणून मुंबई सरकारने त्यावर कर बसविला. हा आमचा व्यापार आहे आणि व्यापाराचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे, अशी चालकांची बाजू होती. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या न्यायपीठाने ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल देताना ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत व स्मृतींपर्यंतचा परामर्श घेतला आणि जुगार हा व्यापारच नव्हे, असे ठरविले. त्यावर कर घेता येतो, म्हणून काही तो प्रतिष्ठित व्यवसाय होत नाही.

येथे एक शंका निघते. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असे त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले आहे. खेळाडूंचा अभ्यास करून, आकडे पाहून लावलेली पैज ही बुद्धीची कमाई का म्हणू नये? या शंकेचे उत्तर महाभारतातच आहे. कौशल्याने द्यूत शुद्ध होत असते, तर शकुनीएवढा शुद्ध मनुष्य त्या सभेत दुसरा कोणीच नव्हता. कौशल्य हे साधन आहे. ते ज्या हेतूला जोडावे त्याचा गुण घेते. गीतेनेही कर्मातील कौशल्याला योग म्हटले आहे, पण ते कौशल्य कर्म करूनही बंधनातून सुटण्याचे आहे. पैजेतील कौशल्य नेमके उलटे. ते जितके वाढावे तितका मनुष्य पुढच्या डावाला अधिक घट्ट बांधला जातो.

दुसरी शंका अशी की, शेतकरीही पावसावर भरवसा टाकून बियाणे मातीत घालतो; मग जोखीम कोठे नाही? खरे आहे, जोखीम सर्वत्र आहे. परंतु शेतकऱ्याची जोखीम फळली तर जगात पूर्वी नव्हते ते धान्य उत्पन्न होते, आणि त्याचा लाभ होण्यासाठी शेजाऱ्याचे शेत बुडावे लागत नाही. पैजेत नवे असे काहीच उत्पन्न होत नाही. एकाच्या खिशातील रुपया दुसऱ्याच्या खिशात जातो आणि जाता जाता पेढीला आपला वाटा देतो. समबल असे दोन संघ खेळत आहेत आणि दोघांनी एकेका बाजूस शंभर रुपये लावले, असे समजावे. जिंकणाऱ्याला दोनशे मिळावयास हवेत. पेढी एकशे नव्वद देते. या भावाने जो रोज शंभर लावतो तो वर्षात छत्तीस हजार पाचशे रुपये लावतो आणि सरासरीने अठराशे पंचवीस गमावतो. इतके करूनही ही झाली प्रामाणिक पेढी! बंगळुरात शर्यतीच्या पैजेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर शेकडा चाळीस झाला आहे आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा तीस आयकर आहे तो निराळाच. जगाकडून घेऊन जगाला काहीच परत न देणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. पैजेत जिंकणाऱ्याने हा शब्द एकदा स्वतःपाशी लावून पाहावा.

कोणी असेही म्हणतात की, दहाव्या अध्यायात भगवंतांनी द्यूत ही आपली विभूती सांगितली आहे. सांगितली आहे, पण कोणांमध्ये? छल करणाऱ्यांमध्ये. द्यूताची जात कोणती, हे त्या एका शब्दातच स्पष्ट केले आहे. त्याच अध्यायात पशूंतील सिंह, जलचरांतील मगर आणि सर्वांचे हरण करणारा मृत्यू याही विभूती आहेत. म्हणून कोणी मगरीला आलिंगन देण्यास जात नाही. विभूती म्हणजे सामर्थ्याचे दर्शन. ती आचरणाची आज्ञा नव्हे.

आता मुख्य गोष्ट. भारतवर्षातील सर्वांत अनर्थकारक द्यूत चोरून खेळले गेले नव्हते. ते राजाच्या आज्ञेने, राजाने बांधविलेल्या सभेत, भीष्म-द्रोणांच्या डोळ्यांदेखत खेळले गेले. निमंत्रण घेऊन विदुरासारखा धर्मज्ञ पुरुष गेला होता, जरी त्याचे मन त्यास तयार नव्हते. याहून अधिक अधिकृत परवाना कोणता असू शकेल? तरीही रत्ने गेली, राज्य गेले, नकुल-सहदेव, अर्जुन-भीम गेले, युधिष्ठिर स्वतः गेला आणि शेवटी द्रौपदी पणाला लागली. दुर्योधनाचे राज्य जिंकण्याच्या इच्छेने आपण फासे हाती घेतले, हे युधिष्ठिराने पुढे वनवासात भीमापाशी कबूल केले आहे. धर्मराजाच्याही मनात लोभाने प्रवेश केला तो क्षत्रियाच्या मर्यादेचे, म्हणजे आव्हान नाकारू नये या नियमाचे, वस्त्र पांघरून. नियमाच्या आड लोभ किती सुखाने लपू शकतो, याचे हे उदाहरण होय.

त्या सभेत द्रौपदीने एकच प्रश्न विचारला: जो आधी स्वतःला हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला? विकर्णाने तिची बाजू घेतली. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून उत्तर टाळले. सारी सभा डाव नियमाप्रमाणे झाला की नाही याचा काथ्याकूट करीत राहिली, आणि कुलस्त्री सर्वांसमोर ओढली जात होती. नियम पाळूनही अधर्म कसा घडतो, ते त्या सभेने दाखविले.

द्रौपदीचा हाच प्रश्न आजच्या गृहस्थाच्या दारात उभा आहे. तो म्हणतो, ‘माझ्या घामाचे पैसे आहेत.’ पण गृहस्थाचा पैसा केवळ त्याचा कधी असतो? त्यात पत्नीने मारलेल्या मनाचा वाटा आहे, मुलांच्या शिक्षणाचा आहे, आईवडिलांच्या औषधाचा आहे, दारी येणाऱ्या अतिथीचा आहे. यज्ञशेष भोगावे असे गीता सांगते ते याच अर्थाने. जो स्वतः लोभाच्या हाती हरला आहे, त्याने या सर्वांचा वाटा पणाला लावावा, हा अधिकार त्याला कोणत्या राज्याने दिला? परवाना पेढीला मिळतो. घरच्यांच्या वाट्यावर पण लावण्याचा परवाना कोणतेही सरकार देत नाही.

यदृच्छेने, म्हणजे न मागता जे येईल त्यात संतोष मानणारा, हानीलाभात सम राहणारा पुरुष बद्ध होत नाही, असे चौथ्या अध्यायात सांगितले आहे. जुगारीही दैवाकडेच डोळे लावून बसलेला असतो, परंतु जे येईल ते त्याला कधीच पुरत नाही. जिंकला तर आणखी हवे म्हणून, हरला तर गेलेले परत हवे म्हणून तो पुढचा डाव मांडतो. प्रारंभी अमृतासारखे वाटणारे आणि परिणामी विषासारखे होणारे ते राजस सुख, हे अठराव्या अध्यायातील लक्षण येथे जसेच्या तसे जुळते. यात जो आधीच अडकला असेल त्याने खचून जाऊ नये. आजवर किती गमावले तो आकडा प्रथम घरात खरा सांगावा. पैशाचा कारभार काही काळ दुसऱ्या विश्वासू माणसाच्या हाती सोपवावा. गेलेले परत मिळविण्याचा संकल्प मात्र करू नये, कारण तोच पुढच्या डावाचा पहिला फासा असतो.

बंगळुरातील त्या थोरल्या भावाने आपला कागद बाजूस ठेवला आणि धाकट्याला फोन केला. पेढ्यांचे नाव त्याने काढले नाही. त्याने एवढेच विचारले, ‘‘हे घरात सांगितले आहेस का?’’

पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही. मग धाकटा हळूच म्हणाला, ‘‘नाही, दादा.’’

‘‘मग आधी तिथे विचार. ती ‘हो’ म्हणाली, तर पेढी मी शोधून देतो.’’

त्यानंतर पेढीची यादी पुन्हा कोणी मागितली नाही.